आधी फेरफार, मग सातबारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फेरफार हा शब्द शहरात थोडा बदनाम आहे. हिशेबात फेरफार, गुणपत्रिकेत फेरफार, म्हणजे काहीतरी काळंबेरं. खेड्यात मात्र हा शब्द ऐकला की माणसाला एक जाडजूड नोंदवही आठवते आणि पाठोपाठ तलाठी कार्यालयाचे हेलपाटे. वडील गेले, वारसाचा फेरफार घालायचाय. जमीन घेतली, फेरफार मंजूर झाला का? सोसायटीचं कर्ज फिटलं, पण बोजा कमी केल्याचा फेरफार अजून व्हायचाय. संगणकवाले ज्याला ‘अपडेट’ म्हणतात, त्याला आपल्या शेतकऱ्याकडे शंभराहून अधिक वर्षांपासून हा असा घरचा शब्द आहे.

मी बारामतीत बरीच वर्षं संगणक शिकवला. डेटाबेस म्हणजे माहितीचा नीट लावून ठेवलेला साठा. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅममधून त्या साठ्याशी जोडून घ्यायचं, त्यातली माहिती वाचायची आणि बदलायची, हा माझा आवडता पाठ. इंग्रजी पुस्तकांत यासाठी उदाहरण ठरलेलं असतं: एक कंपनी, तिचे कर्मचारी, त्यांचे विभाग आणि पगार. माझ्यासमोर बसलेली पोरं मात्र भिगवणची, निमगाव केतकीची, सुप्याची, मोरगावची. पगार फार थोड्यांच्या घरात. सातबारा जवळजवळ प्रत्येकाच्या घरी, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला. म्हणून मी उदाहरण बदललं. ते बदलताना जुने कागद चाळले, आणि लक्षात आलं की हा विषय बारामती-इंदापूरला परका नाहीच. लेखी नोंद कशी ठेवावी आणि ती कुणी, कोणत्या रीतीनं बदलावी, या प्रश्नातून आपल्या भागात एकदा एक नवी पद्धत जन्माला आली आणि एकदा आग लागली.

आधी पद्धतीबद्दल सांगतो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खन इंग्रजांच्या हाती आली. सारा किती घ्यायचा हे ठरवण्यासाठी आर. के. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. हा गृहस्थ इंग्लंडातल्या हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला. लोकसंख्येच्या सिद्धांतामुळे जगाला ठाऊक असलेला माल्थस तिथे त्याचा शिक्षक. प्रिंगलनं अर्थशास्त्राच्या पुस्तकाबरहुकूम जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचा घाट घातला. पीक किती, बैलांचा खर्च किती, मजुरी किती, आणि मागं उरेल त्यातला ठरावीक वाटा सरकारचा. विचार बिनतोड होता. पण हिशेबाला लागणारे आकडे गोळा करणारी माणसं कच्ची, काही लाचखाऊ, आणि मोजणीत चुकाच चुका. १८३०च्या सुमारास हा सारा लागू झाला आणि इंदापूर तालुक्याची दैना उडाली. शेतं पडीक पडली, माणसं शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. गणित बरोबर, पण भरलेली माहिती चूक, म्हणून उत्तर चूक. संगणक यायच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी इंदापूरकरांनी हा धडा आपल्या पोटावर सोसला.

मग १८३५ साली हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करातला इंजिनिअर, असे दोघे इंदापुरात आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. शेत डोळ्यांनी पाहावं, मातीचा पोत आणि खोली बघून तिची प्रत आण्यांत लावावी, आसपासचे भाव आणि आधीची वसुली बघून दर ठरवावा, आणि एकदा ठरला की तीस वर्षं त्याला हात लावू नये, ही त्यांची रीत. १८३६-३७ पासून इंदापुरात ती अमलात आली. पुढे १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी संयुक्त अहवाल लिहिला आणि तीच पद्धत मुंबई इलाखाभर, शिवाय वऱ्हाडात आणि म्हैसूरकडेही गेली. इतिहासात तिला ‘मुंबई पद्धत’ म्हणतात. खरं तर इंदापूर पद्धत म्हणायला हरकत नव्हती, पण नावं ठेवण्याचं काम राजधानीत चालतं. असो.

माझ्या विषयाच्या दृष्टीनं या पद्धतीतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सर्व्हे नंबर. त्याआधीही शेतांना ओळख होतीच: थळाचं नाव, मूळ घराण्याचं नाव, वडाजवळचं, ओढ्याकडचं. गावातल्या माणसाला ती पुरत होती. पण वड पडतो, ओढा वाट बदलतो, घराण्याच्या चार वाटण्या होतात. या पद्धतीत एका बैलजोडीच्या कुणब्याला कसता येईल एवढा तुकडा धरायचा, त्याच्या हद्दीवर दगड रोवायचे, तेहतीस फुटी साखळीनं तो मोजायचा आणि त्याला एक आकडा द्यायचा. त्याच साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. मालक बदलो, पीक बदलो, सारा बदलो, आकडा तोच.

डेटाबेसमध्ये हाच पहिला नियम असतो. प्रत्येक ओळीला एक अशी खूण हवी की जी गावात दुसऱ्या कुणाला नाही आणि जी सहसा बदलत नाही. तिला ‘प्रायमरी की’ म्हणतात. माणसाचं नाव ही खूण चालत नाही. एकाच शिवारात एकाच नावाचे चौघे निघतात, आणि एकच माणूस एका कागदावर ‘रामचंद्र’ तर दुसऱ्यावर ‘रामा’ असतो. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ हे आपल्याला एक, संगणकाला दोन. मुलांना हे एरवी समजावावं लागतं, सातबारा पुढं ठेवला की लागत नाही.

हा आकडा किती चिवट असतो बघा. १८८५ साली नीरा डावा कालवा आला आणि आपल्या भागातली कितीतरी कोरडवाहू रानं बागायत झाली. १९४७च्या कायद्यानं जमिनींचं एकत्रीकरण सुरू झालं, तेव्हा काय तो आकडा बदलला आणि गावोगावी सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. पण जुन्याचा नवा कोणता, याचा तक्ता ठेवावाच लागला. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि इंदापूर तालुक्यातलं भीमाकाठचं शिवार पाण्याखाली गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी फार ओसरलं की वर दिसतं. तिथल्या शेतात पुन्हा नांगर जाणं नाही, पण त्या शेतांचे आकडे दप्तरात आहेत. पाण्याखाली शेत गेलं, ओळ गेली नाही.

आता आगीबद्दल. इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ साली नव्यानं आकारणी झाली आणि सारा वाढला. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेले चढे भाव युद्ध संपताच कोसळले. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. इथं एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. जमिनीची नोंद सरकारी दप्तरात होती. ती कुलकर्ण्याच्या हातात होती हे खरं, पण निदान चावडीत होती. कर्जाची नोंद मात्र सावकाराच्या घरात, त्याच्याच वहीत, त्याच्याच हस्ताक्षरात. किती घेतले, किती फेडले, व्याज किती चढलं, हे लिहिणारा तोच, वाचणारा तोच आणि कोर्टात दाखवणाराही तोच. शेतकऱ्याकडे काय? रोख्याच्या खाली, दुसऱ्या कुणीतरी काढून दिलेली नांगराची निशाणी. सही म्हणून कुणबी नांगर काढत. वरचा मजकूर त्याला वाचता येत नसे, आणि मध्ये कोरी जागा राहिली असेल तर ती नंतर कुणी भरली हेही कळत नसे.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात, बाजारच्या दिवशी माणसं उठली. त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. ते पुढे भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर अशा तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यात पसरले. चौकशीसाठी नेमलेल्या समितीला एक गोष्ट ठळकपणे आढळली. दंगेखोरांना मुख्यतः हवे होते ते रोखे, गहाणखतं, खतावण्या. जिथे सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले तिथे बहुतेक वेळा माणसांना हात लागला नाही. कागद बाहेर आणायचे आणि जाळायचे.

शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण सारावाढ, दुष्काळ, सावकारी अशा कारणांच्या यादीत येतं. कारणं खरीच आहेत. पण मला त्यात एक आणखी गोष्ट दिसते. ज्या नोंदीवर आपलं घरदार अवलंबून आहे, ती आपल्याला वाचता येत नाही, तिची नक्कल आपल्याकडे नाही, तीत कधी काय बदललं हे कळायची सोय नाही आणि चूक दाखवायला जागा नाही. अशा नोंदीशी वाद घालायचा एकच मार्ग माणसाला उरतो. लूटमार झाली, निरपराधांनाही झळ बसली, त्याचं समर्थन करायचं कारण नाही. पण गर्दीनं नेमका कागद निवडला, हे विसरता येत नाही.

सरकारलाही ते उमगलं असावं, कारण १८७९ साली आलेला दख्खन शेतकरी मदत कायदा पुष्कळसा नोंदींबद्दलच आहे. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे. नाहीतर तो ग्राह्य नाही. फेडीची पावती मागायचा, वर्षाचा हिशेब मागायचा, इतकंच काय पासबुक मागायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. कोर्टानं नुसता रोखा पाहून निकाल द्यायचा नाही, तर व्यवहार पहिल्यापासून तपासायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर आपल्या खात्याची ओळ वाचायचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला आणि लिहिणाऱ्याच्या हातावर साक्षीदार बसला.

यानंतर १९०३ साली मुंबई सरकारनं हक्कनोंदणीचा, म्हणजे ‘रेकॉर्ड ऑफ राइट्स’चा कायदा केला आणि त्यातून आपल्या ओळखीचं जग तयार झालं. गाव नमुना सात म्हणजे हक्काचा तक्ता, गाव नमुना बारा म्हणजे पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. एका माणसाची सगळी जमीन एकत्र दाखवणारा आठ-अ. आणि गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. या सहाव्या नमुन्यात सगळं इंगित आहे.

सातबाऱ्यावर थेट काही लिहायचं नाही. आज हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहे. जमिनीत हक्क मिळाला की माणसानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. तलाठी ती गोष्ट आधी फेरफार नोंदवहीत लिहितो, तिला अनुक्रमांक देतो. नोंदीची प्रत चावडीवर लावतो, ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस देतो. पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली तर ती तक्रारी प्रकरणांच्या वहीत जाते आणि सुनावणी होते. आणि शेवटी मंजुरी देतो तो तलाठी नव्हे, मंडळ अधिकारी. लिहिणारा वेगळा, प्रमाणित करणारा वेगळा. मगच सातबाऱ्यावर अंमल. तिथेही जुनं नाव खरवडून काढायचं नाही. जुन्या नावाला कंस करायचा, नवं नाव लिहायचं आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकायचा. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की हे नाव आलं कुठून, तर त्या नंबरावरून थेट त्या दिवसापर्यंत जाता येतं.

ही रीत कागदावर जितकी देखणी तितकी चावडीत नेहमी पाळली गेली, असं मी म्हणणार नाही. नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून मोकळं होणं, बहिणींची नावं वारसांत न धरणं, या गोष्टी गावोगावच्या लोकांना ठाऊक आहेत. अडाणी शेतकऱ्याला लेखणीवाले कसे नाडतात यावर जोतीराव फुल्यांनी १८८३ सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला होता. वंशपरंपरेचं कुलकर्णी वतन १९५१ साली गेलं आणि पगारी तलाठी आला, हा त्यामुळेच मोठा बदल होता. दप्तर लिहिण्याचा अधिकार जन्मानं मिळेनासा झाला.

आता जरा संगणकाकडे वळू. १९७० साली एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञानं एक निबंध लिहिला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, ओळी आणि रकाने, प्रत्येक ओळीला खूण. आणि वापरणाऱ्याला आतली मांडणी ठाऊक असायची गरज पडू देऊ नका, हे त्याचं म्हणणं. १९७४ साली त्याच कंपनीतल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी या तक्त्यांशी बोलायची भाषा सुचवली. तिचंच पुढे एसक्यूएल झालं. बँक, रेल्वेचं आरक्षण, विजेचं बिल, या सगळ्यांच्या मागे आज तिचा वापर आहे.

प्रोग्रॅम डेटाबेसशी कसा बोलतो? अगदी रेकॉर्ड रूममध्ये गेल्यासारखा. आधी पत्ता हवा: कोणतं यंत्र, त्यावरचा कोणता साठा. मग ओळख: वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड. ती पटली की दार उघडतं, याला ‘कनेक्शन’ म्हणायचं. पण दार उघडलं म्हणजे सगळ्या कपाटांना हात लावता येतो असं नाही. कुणाला फक्त वाचायची मुभा, कुणाला लिहायची. शहाणा माणूस प्रोग्रॅमला लागेल तेवढीच मुभा देतो. मग विनंती पाठवायची, उत्तर घ्यायचं आणि काम झालं की दार लावायचं. दार लावायला विसरणारे प्रोग्रॅम साचत गेले की आतली जागा संपते, आणि बाहेर खिडकीवर पाटी लागते ‘सर्व्हर डाऊन’. आपल्याला हे दोन इंग्रजी शब्द आता पाठ आहेत.

बदल करायची आज्ञा अशी असते: सातबारा या तक्त्यात अपडेट करा, नाव अमुक ठेवा, व्हेअर गट नंबर बरोबर १४७. यातला ‘व्हेअर’, म्हणजे ‘कुठे’, हा शब्द विसरला तर? आमच्या प्रयोगशाळेत एका पोरानं विसरला. आम्ही सरावासाठी रचलेल्या गावाची सगळी जमीन एका क्षणात त्याच्या आजोबांच्या नावावर झाली. वर्ग हसून बेजार. पण अशा वेळी डेटाबेस एक आकडा परत देतो: किती ओळी बदलल्या. एक आला तर ठीक. शून्य आला तर असा गटच नाही. हजार आला तर ताबडतोब ‘रोलबॅक’, म्हणजे सगळं होतं तसं. ‘कमिट’ म्हटल्याशिवाय बदल पक्का धरला जात नाही. मुलांना मी सांगायचो, अपडेट म्हणजे तलाठ्याची नोंद आणि कमिट म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची सही.

दुसरं एक उदाहरण. दोन भावांची वाटणी. एकाच्या खात्यातून चाळीस गुंठे वजा करायचे, दुसऱ्याच्या खात्यात जमा करायचे. वजाबाकी झाली आणि लोडशेडिंगची वेळ झाली! आमच्याकडे त्या काळी हा प्रसंग काल्पनिक नव्हता. चाळीस गुंठे गेले कुठं? म्हणून डेटाबेस दोन्ही बदलांची मिळून एक मोट बांधतो. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. आणि हे साधतं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. तक्त्याला हात लावण्याआधी तो काय बदलणार आहे हे एका वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. वीज आली की तो आधी ही वही वाचतो. पक्के झालेले बदल पुरे करतो, अर्धवट राहिलेले रद्द करतो. आधी वही, मग तक्ता. गाव नमुना सहा आणि गाव नमुना सात यांचं हेच नातं.

या क्षेत्रातला मोठा माणूस म्हणजे जिम ग्रे. १९८१च्या एका निबंधात त्यानं लिहिलं आहे की व्यवहाराची ही कल्पना करारांच्या कायद्यातून आली. जुने हिशेबनीस लिहिलेला आकडा कधी खोडत नसत. चूक झाली तर शेरा मारून दुरुस्तीची नवी नोंद करत. संगणकात मात्र जागा महाग होती म्हणून जुन्यावरच नवं लिहायची सवय लागली. हे विषारी सफरचंद तर नाही ना, असं तो विचारतो. आपल्या तलाठ्यानं जुन्या नावाला घातलेला कंस त्याला कुणी दाखवला असता तर, असं मला ते वाचताना वाटून गेलं.

आणि कोऱ्या जागेचं काय? तिचाही संगणकातला अवतार आहे. प्रोग्रॅम आळशीपणानं लिहिला असेल तर तो लोकांनी भरलेलं नाव तसंच्या तसं आज्ञेच्या वाक्यात चिकटवतो. मग एखादा लबाड नावाच्या रकान्यात नाव न लिहिता आज्ञेचाच तुकडा लिहितो आणि डेटाबेस तो हुकूम समजून पाळतो. १९९८ साली ही चोरवाट जाहीरपणे लिहिली गेली, आणि अजूनही ती जागोजागी उघडी सापडते. उपाय सोपा: आज्ञा आधी पक्की लिहायची, नावासाठी आखलेला रकाना ठेवायचा, आणि त्या रकान्यात आलेलं काहीही फक्त नाव म्हणूनच धरायचं. १८७९ साली गावच्या निबंधकाला दस्तावर बसवला तो याचसाठी.

मग आपला सातबारा संगणकात गेला कसा? केंद्र सरकारनं १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग सुरू केला, त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. पुढे तालुक्यातालुक्यांत सातबारे टाइप झाले. पण बरीच वर्षं संगणकावर एक सातबारा आणि तलाठ्याकडे हातानं लिहिलेला दुसरा, अशी दोन सत्यं नांदत होती. एकच माहिती दोन जागी ठेवली की एक ना एक दिवस त्या दोन जागा भांडतात, हे कॉडच्या निबंधापासूनचं शहाणपण. कर्नाटकानं ‘भूमी’ प्रकल्पात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हातानं लिहिलेला उतारा रद्द ठरवला, अधिकाऱ्याला बोटाच्या ठशाशिवाय आत जाऊ दिलं नाही आणि ‘आधी आला त्याचा आधी’ असा फेरफारांचा क्रम प्रोग्रॅमलाच पाळायला लावला. मला तो क्रमाचा नियम सर्वांत आवडतो. वशिल्याला तिथे बसायला खुर्चीच नाही.

महाराष्ट्रात ई-फेरफार आल्यावर दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीची माहिती संगणकानंच तलाठ्याकडे जाऊ लागली, आणि मंजुरी डिजिटल स्वाक्षरीनं होऊ लागली. पण त्याआधी जुनी टाइप केलेली माहिती मूळ कागदाशी ताडून घेणं भाग होतं. क्षेत्राचा दशांश चिन्हाचा टिंब इकडचा तिकडे, एखादा हिस्सेदार गळालेला, वगैरे. कायदा सातबाऱ्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतो. म्हणजे गळालेल्या माणसानंच सिद्ध करत फिरायचं, पीककर्जाला मुकायचं आणि कोर्टाची पायरी चढायची. इतकं त्या टिंबाचं वजन आहे. म्हणून २०१७ साली चावडी वाचन झालं. संगणकातले सातबारे गावकऱ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे, चूक असेल त्यानं सांगायचं. एवढी यंत्रं, एवढे प्रोग्रॅम, आणि शेवटची तपासणी पारावर बसून, कानांनी! माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं ते सर्वांत शहाणपणाचं काम होतं, आणि ते एकदाच करून थांबायला नको होतं. कारण त्यानंतरच्या चुकांची दुरुस्ती तहसीलदार कलम १५५खाली करतात. ते कलम लेखनातल्या चुकीपुरतं आहे. चुकीच्या नावाखाली कुणाचा हक्कच सरकवला जाऊ नये, यावर गावाचा डोळा हवा.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. २०२०मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हा जुना कंस गेला. मयत माणसाच्या किंवा फिटलेल्या बोज्याच्या नोंदीवर आता आडवी रेघ येते, पण अक्षरं वाचता येतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे बाराव्या नमुन्यात शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पीक भरू लागला. ज्याच्या पूर्वजाला नांगराची निशाणी काढावी लागत होती, त्याला निदान पिकापुरती लिहायची मुभा मिळाली. चावडीवरची नोटीस आता ‘आपली चावडी’ या नावानं संगणकावरही लागते. मात्र पंधरा दिवस तेवढेच राहिले आहेत. प्रोग्रॅम तेच काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करू शकतो, मग थांबायचं कशाला, असं तरुण मुलं विचारतात. ते पंधरा दिवस यंत्रासाठी नाहीतच. मुंबईला, सुरतेला पोटासाठी गेलेल्या भावासाठी आहेत, सासरी नांदणाऱ्या बहिणीसाठी आहेत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही प्रोग्रॅमला आपण होऊन कळत नाही, ती म्हणजे माणूस गेल्याची. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी घरचा सातबारा आणला, तर त्यावर पणजोबाच कसत होते. २०२५ साली राज्यभर ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम निघाली ती याचसाठी, मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला. त्यासाठी अजूनही घरातल्या कुणाला तरी मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे ज्याला २०२४ सालच्या निर्णयानं ग्राम महसूल अधिकारी असं नाव मिळालं त्याच्याकडे, जावं लागतं किंवा ‘ई-हक्क’वर अर्ज भरावा लागतो. सगळ्या वारसांची नावं लिहायची, बहिणींचीसुद्धा. मग फेरफाराला नंबर पडतो, नोटीस लागते, पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, आणि तेव्हा कुठे पणजोबांच्या नावावर आडवी रेघ येते.